आज्ञा कोणी मोडली?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

घरातला मिक्सर बंद पडला, की आपण सगळ्यांत आधी काय विचारतो? 'शेवटी कोणी वापरला होता?' मिक्सरला काय झालंय, हा प्रश्न नंतर येतो. घरात चार माणसं असतात, तेव्हा हे हसण्यावारी जातं. पण एकाच यंत्रावर अडीचशे माणसं काम करत असतील आणि ते बिघडलं, तर हाच प्रश्न एखाद्याच्या जिवाशी येऊ शकतो. आज अशीच एक गोष्ट सांगणार आहे. ती आहे २००३ सालची, एका तालुक्याच्या गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली. तिथल्या संगणक विभागाचा सर्व्हर सांभाळण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं.

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. आमच्या लॅबमध्ये चाळीस संगणक होते, पण ते नावालाच संगणक. पडदा आणि कळफलक एवढंच त्यांचं काम. खरं काम व्हायचं ते कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत ठेवलेल्या एका मोठ्या यंत्रावर. त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. प्रत्येक विद्यार्थ्याचं तिथे स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड, स्वतःची जागा. वाड्यात जशी बिऱ्हाडं असतात, तसंच समजा. विहीर एक, जिना एक, पण प्रत्येकाच्या खोलीला आपापलं कुलूप. आणि वाड्याच्या मालकाकडे असतात, तशा सगळ्या किल्ल्या असलेलं एक खातं असतं. त्याला 'रूट' म्हणतात. आमच्या वाड्यात ते खातं मी वापरत असे.

तर झालं असं. एका मंगळवारी दुपारी तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाने रूट बनण्याचा प्रयत्न केला. त्यासाठीची कमांड दिली आणि अंदाजाने तीनदा पासवर्ड टाकून पाहिला. तिन्ही वेळा चुकला. सर्व्हर अशा प्रयत्नांची नोंद आपल्या वहीत करून ठेवतो, त्यामुळे संध्याकाळी ते माझ्या लक्षात आलं. मी विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी मुलाला बोलावून समज दिली आणि फलकावर सूचना लावली : 'उद्या सकाळी प्रत्येकाने आपला पासवर्ड बदलावा.'

बुधवारी सकाळी नऊ वाजता पहिली बॅच आली. पासवर्ड बदलण्याची कमांड असते. ती दिली की सर्व्हर आधी जुना पासवर्ड विचारतो, मग नवा विचारतो, मग नवा पुन्हा एकदा विचारतो. मुलांनी हे सगळं नीट केलं. आणि शेवटी प्रत्येकाच्या पडद्यावर एकच वाक्य उमटलं : 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर.' चाळीस पडद्यांवर, चाळीस वेळा.

विभागप्रमुख लॅबमध्ये आले. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि त्यांची नजर 'मॅनिप्युलेशन' या शब्दावर अडली. ते म्हणाले, "हे बघा, यंत्रच सांगतंय, कोणीतरी मॅनिप्युलेशन केलंय. काल दुपारी प्रयत्न झाला आणि आज हे. आणखी काय पुरावा हवा?"

आता या वाक्याचा खरा अर्थ इतकाच, की 'पासवर्डमध्ये बदल करण्याचं काम फसलं.' मॅनिप्युलेशन म्हणजे इथे नुसती हाताळणी. कारस्थान नव्हे. पण रोजच्या बोलण्यात त्या शब्दाला लबाडीचा वास आहे, आणि माणूस वाक्य वाचतो ते मनात आधीच असलेल्या संशयाच्या चष्म्यातून. मला अर्थ ठाऊक होता. मी तो सांगायला हवा होता. पण त्या क्षणी मलाही वाटलं, की असेल बुवा, या पोराचाच हात असेल. मी गप्प राहिलो.

चाळीस मुलांसमोर त्या मुलाला उभं केलं गेलं. तो म्हणाला, "सर, काल मी तीनदा प्रयत्न केला, हे खरं आहे. पण जमलं नाही. त्यानंतर मी काहीच केलेलं नाही." कोणी ऐकलं नाही. त्याचं खातं बंद करण्याचा हुकूम झाला आणि मी ते बंद केलं. शुक्रवारी त्याच्या प्रोजेक्टचं सबमिशन होतं आणि सगळा प्रोजेक्ट त्या खात्यात होता. वडिलांना पाठवायचं पत्रही कार्यालयात टाइप व्हायला गेलं.

मग मी काचेच्या खोलीत जाऊन बिघाड शोधायला बसलो.

पहिला संशय डिस्कवर. पासवर्ड बदलताना सर्व्हर पासवर्डांची फाइल नव्याने लिहितो. डिस्क भरलेली असेल, तर लिहायला जागाच नाही आणि मग हाच संदेश येतो. पाहिलं तर निम्म्याच्या वर जागा मोकळी होती. दुसरा संशय असा, की डिस्कमध्ये दोष आला की लिनक्स कधी कधी ती फक्त वाचण्यापुरती ठेवतो, लिहू देत नाही. तसंही नव्हतं. तिसरा संशय, दोघांनी एकाच वेळी फाइल लिहू नये म्हणून सर्व्हर तिला तात्पुरती कडी घालतो, ती कडी अडकून राहिली असेल. तीही मोकळी होती.

शेवटी मी स्वतः रूट म्हणून एका चाचणीच्या खात्याचा पासवर्ड बदलून पाहिला. झटकन बदलला! मी बाहेर येऊन सांगितलं, "माझ्याकडे तर चालतंय."

मित्रहो, बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. माझ्याकडे चालतंय, कारण मी मालक आहे. माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत. भाडेकरूची तक्रार असते, की 'जिन्याचं दार उघडत नाही' आणि मालक आपल्या किल्लीने दार उघडून दाखवतो, तसला हा प्रकार. जिथे अनेक जण काम करतात, तिथे तक्रार ज्याची असेल, त्याच्याच जागी बसून ती तपासावी लागते. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण घाईत विसरलो.

एवढ्यात आमच्या प्रयोगशाळा सहायक बाई आत आल्या. त्या म्हणाल्या, "सर, सकाळपासून सांगतेय, माझंही काम अडलंय. प्रिंटरच्या रांगेतली कामं काढायची तर सर्व्हर नाही म्हणतो." प्रिंटरपुरते मालकाचे अधिकार मिळावेत म्हणून त्यांना 'सूडू' नावाची एक कमांड दिलेली होती. खरंच त्यांनी मला सकाळी दोनदा सांगितलं होतं, आणि 'पासवर्डचं आधी बघू दे' म्हणून मी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. आता त्यांच्या पडद्यावरचं वाक्य वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : 'सूडू मस्ट बी सेटयूआयडी रूट.' ज्या उत्तरासाठी मी दोन तास झगडत होतो, ते शेजारच्या टेबलावर सकाळपासून पडून होतं.

हे 'सेटयूआयडी' काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. त्यात फार हुशारी आहे.

समजा, गावातल्या तलाठ्याकडे सातबाऱ्याचं दप्तर आहे. ते कोणाही गावकऱ्याला उघडून लिहिता येत नाही, आणि येऊही नये. पण माझ्या जमिनीची रास्त नोंद व्हावी, हा माझा हक्क आहे. मग काय करतात? मध्ये एक अधिकृत माणूस बसवतात. तो माझी ओळख तपासतो, कागद बघतो आणि फक्त माझ्याच नोंदीत बदल करतो. दप्तर उघडण्याचा अधिकार त्याचा आहे, पण काम माझं होतं.

सर्व्हरवर सगळ्यांचे पासवर्ड सांकेतिक रूपात एका फाइलमध्ये असतात. ती फाइल रूटखेरीज कोणालाही उघडता येत नाही. मग सामान्य विद्यार्थी आपला पासवर्ड कसा बदलणार? तर पासवर्ड बदलणारी कमांड हा तो मधला माणूस. तिच्यावर एक खूण असते, 'एस' हे अक्षर. जणू मालकाचा शिक्का. ही खूण असली, की ती कमांड कोणीही चालवली तरी तेवढ्यापुरता तिच्याकडे मालकाचा अधिकार येतो. ही कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या डेनिस रिची यांची. केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स ही प्रणाली घडवणारे तेच हे रिची. १९७३ साली त्यांच्या या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७९ साली पेटंट मिळालं, आणि पुढे ते सर्वांना वापरायला खुलं करण्यात आलं.

आता हा शिक्काच पुसला गेला तर? कारकून खुर्चीवर बसलेला असतो. तुमचं नाव विचारतो, जुना कागद बघतो, नवा लिहून घेतो. आणि दप्तराच्या खोलीपाशी गेला, की पहारेकरी त्याला अडवतो, 'तुझा शिक्का कुठाय?' तो परत येऊन सांगतो, 'साहेब, काम झालं नाही.' आमच्या मुलांचं नेमकं हेच होत होतं. सगळे प्रश्न विचारून झाल्यावर शेवटच्या पायरीवर नकार.

मी त्या कमांडची फाइल पाहिली. जिथे 'एस' असायला हवा, तिथे साधा 'एक्स' होता. सूडूचंही तेच. ठरावीक वेळेला काम लावून ठेवण्याची एक कमांड असते, तिचंही तेच. नेहमीच्या बाकी कमांड व्यवस्थित चालत होत्या, कारण त्यांना शिक्क्याची गरजच नसते. म्हणजे एका डिरेक्टरीतल्या, ज्यांना ज्यांना शिक्का लागतो अशा सगळ्या कमांडचे शिक्के एकदम पुसले गेले होते. मुलांना एकच कमांड लागत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं, की बिघाड पासवर्डचा आहे.

दुरुस्ती सोपी होती. कोणत्या फाइलला कोणते अधिकार असावेत, याची मूळ यादी लिनक्सने स्वतःजवळ ठेवलेली असते. तिच्याशी ताडून पाहता येतं आणि त्याबरहुकूम अधिकार परत बसवता येतात. दहा मिनिटांत काम झालं. या वेळी मी शहाणपणा केला. रूट म्हणून तपासलं नाही. विद्यार्थ्याच्या खात्यातून शिरलो आणि पासवर्ड बदलून पाहिला. बदलला.

पण प्रश्न उरला होता, शिक्के पुसले कोणी?

इथे सर्व्हरची एक सोय कामी आली. प्रत्येक फाइलबद्दल तो निरनिराळ्या वेळा लिहून ठेवतो. आतला मजकूर कधी बदलला, ही एक वेळ. फाइलचे अधिकार किंवा मालकी वगैरे कधी बदललं, ही वेगळी. नेहमीच्या यादीत आपल्याला पहिली दिसते, दुसरी मुद्दाम मागावी लागते. मी मागितली. त्या डिरेक्टरीतल्या बहुतेक फाइलींसमोर एकच वेळ होती : मंगळवार, रात्री आठ चाळीस.

लॅब संध्याकाळी सहाला बंद होते. कोण कधी आत आलं आणि कधी बाहेर पडलं, याचीही यादी सर्व्हर ठेवतो. तो मुलगा मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास बाहेर पडला होता. रात्री आठ चाळीसला सर्व्हरवर एकच माणूस होता. काचेच्या खोलीतल्या मुख्य कळफलकावर, रूट या नावाने.

मी.

रूटने दिलेल्या कमांडची जंत्री उघडली. शेवटून दुसरी-तिसरीच ओळ होती. मंगळवारी रात्री मला प्रॅक्टिकलची उदाहरणं ठेवलेली एक डिरेक्टरी सगळ्या विद्यार्थ्यांना वाचायला खुली करायची होती. साडेआठची शेवटची एसटी चुकलीच होती, नऊची जीप तरी गाठायची होती. म्हणून मी तीन कमांड एकाच ओळीत, मध्ये अर्धविराम देऊन लिहिल्या : त्या डिरेक्टरीत जा, तिथल्या सगळ्या फाइलींचे अधिकार सात-पाच-पाच कर, बाहेर पड. सात-पाच-पाच म्हणजे मालकाने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं आणि चालवावं.

पण डिरेक्टरीच्या नावात माझं एक अक्षर चुकलं. 'अशी डिरेक्टरी नाही' असं सर्व्हर म्हणाला असणार. मी होतो तिथेच राहिलो. आणि त्याआधी काही तपासताना मी नेमका कमांड ठेवलेल्या डिरेक्टरीत उभा होतो. दुसरी कमांड तिथे चालली. तिथल्या बहुतेक फाइलींचे अधिकार मुळातच सात-पाच-पाच असतात, त्यामुळे त्यांना काही झालं नाही. फक्त शिक्का असलेल्या फाइलींचे शिक्के गेले, कारण सात-पाच-पाच या आकड्यात शिक्क्याला जागा नाही. त्यासाठी पुढे आणखी एक आकडा लागतो. मग तिसऱ्या कमांडने मला बाहेर काढलं, पडदा पुसला गेला आणि चुकीचा संदेशही पुसला गेला. मी दिवे मालवून जीप गाठली.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. खोलीत मी एकटाच होतो. दुरुस्ती झालेली होती. मी काही बोललो नसतो, तर कोणाला कळलं नसतं. ती जंत्री फक्त रूटलाच दिसते. लॅबमधल्या सगळ्यांच्या मते गुन्हेगार सापडलेलाच होता. खोटं कशाला सांगू, दोन-चार मिनिटं हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

मग मी त्या तिन्ही याद्या कागदावर छापल्या आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो. त्यांनी त्या वाचल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र अजून गेलं नसेल. आधी कार्यालयात जा." मी गेलो. पत्र टाइप होऊन सहीसाठी ठेवलेलं होतं. ते मी स्वतः फाडलं.

त्या मुलाचा पाणउतारा चाळीस जणांसमोर झाला होता. म्हणून दुपारी त्याच चाळीस जणांसमोर मी सांगितलं, की चूक माझी होती आणि कशी झाली. फळ्यावर ती ओळ लिहून दाखवली. त्याचं खातं उघडलं. मंगळवारच्या तीन प्रयत्नांबद्दल त्याला आधीच समज मिळालेली होती, तो विषय तिथेच संपला. शुक्रवारी त्याने प्रोजेक्ट वेळेत दिला.

मी फळा पुसायला लागलो, तेव्हा त्यानेच हात वर केला. "सर, एक विचारू? अर्धविरामाच्या जागी काय टाकायला हवं होतं?"

प्रश्न अगदी नेमका होता. अर्धविरामाचा अर्थ 'हे कर, मग ते कर.' पहिलं फसलं तरी दुसरं होतंच. त्याऐवजी 'अँड'चं चिन्ह दोनदा जोडून टाकलं, तर अर्थ होतो 'हे कर, आणि ते जमलं तरच पुढचं कर.' दोन चिन्हांचा फरक. ती तिथे असती, तर त्या रात्री काहीच बिघडलं नसतं.

एकाच यंत्रावर अनेक जण आले, की अशा गमती होतात, हे पहिल्यापासून चालत आलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली अनेकांनी एकाच वेळी वापरायची पहिली महत्त्वाची प्रणाली दाखवली गेली. फर्नांडो कॉर्बातो हे तिचे प्रमुख. संगणकाला पासवर्ड आले, ते त्याच प्रणालीत. १९६६ साली तिथे एक विलक्षण प्रकार घडला. जो कोणी सर्व्हरमध्ये शिरे, त्याच्या टर्मिनलवर 'आजची सूचना' येण्याऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी यायला लागली! कोणी चोरी केली नव्हती. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम काम चालू असताना ठरावीक नावाची एक तात्पुरती फाइल वापरत असे. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करेल, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. पुढे व्यवस्थापकांनी सोयीसाठी स्वतःपुरता तो नियम सैल केला. मग एके दिवशी एक जण सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता, आणि दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. १९९० सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कॉर्बातो यांनी हा किस्सा स्वतःहून सांगितला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या घरची चूक अशी उघड मांडली, हे वाचून मला पुढे फार बरं वाटलं.

त्या बुधवारनंतर आम्ही सर्व्हरच्या खोलीत दोरी बांधून एक वही टांगली. रूट म्हणून जो काही करेल, त्याने तारीख, वेळ आणि काय केलं ते लिहायचं. पहिली नोंद माझ्याच हातची आहे. तक्रार आली, की ती कोणाला येते आणि कोणाला येत नाही, ते आधी विचारायचं, हेही ठरलं. यंत्राचं वाक्य पूर्ण वाचायचं, त्यातला एखादाच शब्द धरून बसायचं नाही. बिघाड कधी सुरू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, ते पाहायचं. आणि त्या यादीत सगळ्यांत आधी स्वतःचं नाव घालायचं. ज्याच्याकडे किल्ल्या जास्त, त्याच्या हातून मोडतोडही जास्त होऊ शकते.

तंत्रज्ञान आता खूप पुढे गेलं आहे. असे शिक्के आजच्या प्रणालींमध्ये शक्य तितके कमी ठेवतात, त्यांच्याऐवजी नेमक्या कामापुरते छोटे अधिकार देतात. तरी पासवर्ड बदलणारी लिनक्समधली ती कमांड बहुतेक ठिकाणी आजही त्याच 'एस'वर चालते. आणि सकाळी एखादी गोष्ट बंद पडलेली दिसली, की 'शेवटी कोणी हात लावला होता?' हा प्रश्नही आपण आजही विचारतोच. जरूर विचारावा. फक्त उत्तर ऐकायची तयारी ठेवावी.